एमआरआयचा कौल आणि फिजिओचा हात

अमेरिकेत कंबरदुखीने हैराण झालेल्या, उजव्या पायात कळा उतरणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांच्या आत दहा निरनिराळ्या केंद्रांत काढण्यात आला. पाठ तीच, तक्रार तीच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष निघाले, आणि दहाही रिपोर्टांत सापडला असा दोष एकही नव्हता. २०१७ साली छापून आलेला हा अभ्यास एकाच रुग्णाचा आहे. त्यावरून समस्त रेडिओलॉजिस्टांना तोलणं बरोबर नाही. पण आपल्याकडे एमआरआयच्या लखोट्याला जो मान आहे, त्याकडे जरा तिरक्या नजरेने बघायला तेवढं पुरतं. ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’, ‘मणक्यात गॅप आलाय’ असं एकदा कानावर पडलं की माणूस वाकायचा थांबतो, पट्टा बांधतो, नातवाला उचलून घेणं सोडतो. मग फिजिओथेरपिस्टची निम्मी मेहनत दुखण्यावर आणि निम्मी त्या रिपोर्टवर खर्च होते.

यंत्र मात्र अफलातून आहे, यात वाद नाही. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास तीस हजार पट, म्हणजे दीड टेस्लाच्या चुंबकात माणसाला झोपवलं की या हायड्रोजनची अणुकेंद्रं दिशा धरतात. रेडिओलहरींनी त्यांना डिवचलं की ती पुन्हा जागेवर येताना संकेत देतात, आणि त्यातून चित्र उभं राहतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली ही वाट दाखवली, पीटर मॅन्सफील्ड यांच्या गणिताने तिला वेग दिला, आणि २००३चं नोबेल या दोघांना मिळालं. १९७७ साली माणसाच्या धडाचा पहिला स्कॅन घेणारे रेमंड डॅमेडियन वगळले गेले. त्यांनी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन संताप व्यक्त केला. त्यांच्या त्या स्कॅनला पाचेक तास लागले होते. आज गुडघा अर्ध्या तासात होतो.

एक्स-रे मुख्यतः हाड दाखवतो. एमआरआय लिगामेंट, गादी, कूर्चा आणि हाडाच्या आतली सूजही दाखवतो. ही शेवटची गोष्ट मैदानावर लाखमोलाची. वेगवान गोलंदाजाच्या कंबरेला दर चेंडूला पीळ आणि धक्का एकदम बसतो. मणक्याला तडा जाण्याआधी हाडात सूज येते. एक्स-रे तेव्हा साफ असतो, एमआरआयमध्ये ती उजळून दिसते. जसप्रीत बुमराच्या पाठीत २०१९ साली स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, २०२२मध्ये पाठीने पुन्हा दगा दिला, मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो परत गोलंदाजी करताना दिसला. अशा दुखण्यात फिजिओला स्कॅन हवाच. विश्रांती किती, धावायला कधी लावायचं, आठवड्याला किती षटकं टाकू द्यायची, हे हाडाची अवस्था कळल्याशिवाय ठरवणं म्हणजे जुगार.

हाच हिशेब मांडीमागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला लावायला गेलं की गडबड होते. कतारमध्ये १८० खेळाडूंवर झालेल्या २०१५च्या अभ्यासात, कोण किती दिवसांत खेळायला परतणार यातला सुमारे २९ टक्के फरक विचारपूस आणि हाताने केलेल्या तपासणीतून उलगडला. एमआरआयने त्यात भर घातली ती जेमतेम २.८ टक्क्यांची. त्याच्या आदल्या वर्षीचा एक डच अभ्यास तर आणखी बोलका आहे. दुखापतीतून बरे होऊन मैदानात उतरायला सज्ज झालेल्या ५३ खेळाडूंचा स्कॅन काढला, तेव्हा ८९ टक्क्यांच्या स्नायूत दुखापतीची खूण चित्रात अजून शिल्लक होती. स्कॅन ‘नॉर्मल’ होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर ही मंडळी विनाकारण बाकावर बसली असती. याला एक अपवाद महत्त्वाचा आहे: स्नायूच्या आतला कंडरा फाटला असेल तर बरं व्हायला वेळ जास्त लागतो आणि दुखापत उलटण्याची भीतीही जास्त असते. ते फिजिओला आधी कळलेलं बरं, आणि ते स्कॅनच सांगतो.

खरी पंचाईत होते ती तुमच्या-आमच्या पाठीची. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्क्यांची निदान एक गादी फुगलेली निघाली. पुढे २०१५ साली अशा दुखणं नसलेल्या ३,११० लोकांची माहिती एकत्र केली गेली: गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. गुडघ्याचीही तीच कथा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममधल्या पाहणीत गुडघ्यातली चकती (मेनिस्कस) फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलाही नव्हता की आखडलाही नव्हता. माझं मत विचाराल तर प्रत्येक रिपोर्टखाली रुग्णाच्या वयाला यातलं काय सर्रास आढळतं, ते एका ओळीत छापायला हवं. आणखी एक मौज अशी की गादीचा जो तुकडा तुटून पूर्ण बाहेर पडतो, म्हणजे चित्रात जो सगळ्यात भयंकर दिसतो, तोच आपोआप विरून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नुसती फुगलेली गादी क्वचितच मागे हटते.

चित्राची दुसरी मर्यादा साधी आहे. ते निपचित पडलेल्या माणसाचं असतं. दुखतं ते बादली उचलताना, लोकलच्या दारात लटकताना, मांडी घालून उठताना. हे बघायला फिजिओचे डोळे आणि हात लागतात. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, तेव्हा पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या स्नायूंची ताकद हाताने जोखून शून्य ते पाच अशी श्रेणी दिली जाई. ती श्रेणी आजही तशीच वापरात आहे. गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलंय का, हेही जाणता हात नडगी पुढे ओढून बऱ्याचदा ओळखतो. आणि तुटलेलं एसीएल म्हणजे शस्त्रक्रियाच, असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत ज्यांना आधी फक्त व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत तिची गरज पडली नाही.

म्हणून साधी कंबर धरली असेल तर स्कॅन सेंटरची पायरी चढण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा, आणि हलकं चालणं-फिरणं चालू ठेवून सहा आठवडे द्या. पण लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातली ताकद झपाट्याने गेली, किंवा कंबरदुखीबरोबर ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर व्यायामही नको आणि वाट बघणंही नको: त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. तिथे एमआरआय तातडीने लागतो. आणि स्कॅन केलात तर फिजिओकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडीही न्या. जुनी असेल तर तीही.