‘उपाशी या’ म्हणजे किती वाजल्यापासून?

धडगावकडच्या एखाद्या माणसाची अँजिओग्राफी सुरतेला ठरली, की फोनवर त्याला एवढेच ऐकू येते: ‘सकाळी उपाशी या.’ सातपुड्याचा घाट उतरून नंदुरबार गाठायचे, तिथून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आणखी दीडशेच्या वर किलोमीटर. म्हणून तो संध्याकाळी सहालाच भाकरी खाऊन निघतो, आणि उपाशी म्हटलेय म्हणून वाटेत पाण्यालाही शिवत नाही. सकाळी पोहोचल्यावर कळते, रात्री अ‍ॅटॅकचा पेशंट आला, आता तुमचा नंबर दुपारी दोनला. सहा तासांचा उपास वीस तासांचा होतो.

याच्या नेमके उलटही घडू शकते. आपल्याकडे उपाशी आणि उपास हे शब्द फार जवळ राहतात, आणि उपास म्हटला की साबुदाणा आलाच. शेंगदाण्याचे कूट घातलेली तेलकट खिचडी खाऊन ‘काही खाल्लं नाही, डॉक्टरसाहेब’ असे कुणी सांगितले, तर तो खोटे बोलत नसतो. पोटाला मात्र एकादशी कळत नाही. भुलीच्या हिशेबात तेलकट जेवणाला आठ तास, हलक्या खाण्याला सहा.

हा हिशेब आला कुठून? कर्टिस मेंडेल्सन या अमेरिकी डॉक्टरने १९४६ साली न्यूयॉर्कमधल्या ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी मांडल्या. पूर्ण भूल दिलेली असताना पोटातले अन्न किंवा आम्ल फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना त्यात होत्या. बेशुद्धीत गिळण्या-खोकण्याची राखण सुटते, हे त्यामागचे कारण. पुढे ‘मध्यरात्रीनंतर काही नाही’ हा सोपा नियम जगभर रुळला.

अँजिओग्राफीत मात्र मनगटाजवळ किंवा जांघेत तेवढीच जागा बधिर करतात. फार तर गुंगीचे हलके औषध देतात. पेशंट जागा असतो, पडद्याकडे बघत प्रश्नही विचारतो. मग उपास कशाला? पूर्वी रक्तवाहिनीत सोडायच्या डायने मळमळ-उलटी बरीच व्हायची, आणि १९७७मध्ये झुरिकला अँड्रियास ग्रुंत्झिगने हृदयाच्या रक्तवाहिनीत फुग्याची पहिली अँजिओप्लास्टी केली त्या काळात फुगा फसला तर तडक बायपासला न्यावे लागे. आता डाय बदलले, तशी धावपळ क्वचित होते. नियम तेवढा राहिला.

तो तपासला ऑस्ट्रेलियाने. न्यू साउथ वेल्समधल्या सहा रुग्णालयांत ७१६ जणांवर झालेल्या ‘स्कॉफ’ चाचणीचे निष्कर्ष २०२४च्या सप्टेंबरात लंडनच्या हृदयरोग परिषदेत मांडले गेले. निम्म्यांना नेहमीचा उपास, निम्म्यांना खाण्यापिण्याची मोकळीक. रक्तदाब घसरणे, साखर फार वरखाली होणे, फुप्फुसात अन्न जाऊन न्यूमोनिया होणे, हे सगळे मिळून उपाशी गटात १९.१ टक्के, तर खाल्लेल्यांत १२ टक्के. मोकळीक देऊन नुकसान झाले नाही, एवढे त्यातून दिसले. हे पूर्ण भुलीच्या शस्त्रक्रियेला लागू नाही, आणि हे वाचून कुणी डबा खाऊन टेबलावर जाऊ नये. तुमच्या डॉक्टरांचा निर्णय तुमच्यासाठी शेवटचा. पण अ‍ॅटॅक आलेल्याला तातडीने कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, नेताना त्याचे पोट रिकामे व्हायची वाट कुणी बघत नाही, हेही खरेच.

पाण्याचा मुद्दा मला खाण्याहून मोठा वाटतो. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९मध्येच लिहून ठेवले आहे. बिनदुधाचा चहाही त्यात बसतो, दुधाचा नाही. नंदुरबारात याला आणखी एक पदर आहे. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मे महिन्यात, खानदेशी उन्हात, गाडीच्या गर्दीत कोरड्या घशाने केलेला प्रवास त्याला परवडणारा नाही. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावे आणि आधी तेच दाखवावे.

मधुमेहींचे वेगळे. जेवण नाही आणि सकाळचे इन्सुलिन मात्र नेहमीएवढे, यात साखर धाडकन उतरते. बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्याही ‘उपाशी’ या शब्दाखाली परस्पर बंद होतात. त्यांतल्या बऱ्याच घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात, कुठल्या ते डॉक्टरांनी सांगायचे. म्हणून फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: शेवटचा घास किती वाजता, शेवटचे पाणी किती वाजता, सकाळचे कुठले औषध घ्यायचे आणि कुठले नाही. आकडे घड्याळाचे हवेत. ‘रात्रीपासून’ हा आकडा नव्हे. नंबर पुढे ढकलला गेला तर काय करायचे, तेही लांबून येणाऱ्याने विचारून ठेवावे.

आणि गंमत अशी, की ज्याला आदल्या संध्याकाळपासून पाण्याविना ठेवले, तो टेबलावरून उतरला की सिस्टर बाटली पुढे करते. डाय लघवीवाटे निघून जायला हवा, किडनीवर भार नको. भरपूर पाणी प्या, आजोबा.