पाव मैलाची आठवण, पन्नास हजार डॉलरची गाडी

डॉजने अखेर माघार घेतली. विजेवरच्या चार्जर डेटोनाकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, तिचं सगळ्यांत स्वस्त मॉडेल २०२६ साठी गुंडाळलं गेलं आणि त्याच सांगाड्यात आता पेट्रोल इंजिन बसलं. त्याच घराण्यातल्या रॅमने पिकअपमध्ये हेमी व्ही-८ परत आणताना तर तिच्या अंगावर ‘निषेधाचं प्रतीक’ म्हणून खास बिल्लाच चढवला. अमेरिकेतल्या सत्तरी ओलांडलेल्या चाहत्यांना यात आपला विजय दिसतो आहे. पण विजय नेमका कशाचा? विजेवरची चार्जर मोजमापात कुठेच कमी नव्हती. तिच्या वरच्या मॉडेलची ताकद ६७० हॉर्सपॉवर, आणि गुरगुराटासाठी स्पीकरवर चालणारी एक खास नळी, जिचा आवाज १२६ डेसिबलपर्यंत जाईल असा कंपनीचा दावा होता. वेग आणि आवाज एवढंच लोकांना हवं असतं, तर ही गाडी हातोहात खपायला हवी होती. आरएक्स-१०० च्या आवाजाने हळव्या होणाऱ्या मराठी वाचकाला ती का खपली नाही हे वेगळं सांगायला नको. तरीही साठच्या दशकातल्या मसल कारच्या, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेल्या गाड्यांच्या, या आठवणींत खरं किती आणि रंगवलेलं किती, हे एकदा तपासायला हवं.

रंगवलेलं भरपूर आहे, आणि ते रंगवणारा माणूसही ठाऊक आहे. जिम वँगर्स हा जाहिरातवाला, पण १९६० साली ड्रॅग रेसिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्वतः पाँटिअ‍ॅक चालवून जिंकलेला. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला बजावलं. मध्यम आकाराच्या गाड्यांना ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही, असाही कंपनीचा दंडक होता. जनरल मोटर्सच्याच पाँटिअ‍ॅक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी त्यातून पळवाट काढली. टेंपेस्ट या घरगुती गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन जीटीओ या नावाने २९५ डॉलरचा ‘पर्याय’ म्हणून द्यायचं. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून जास्त जीटीओ विकल्या गेल्या. ‘कार अँड ड्रायव्हर’ने १९६४ मध्ये तिची चाचणी घेतली आणि ताशी ६० मैलांचा वेग तिने ४.६ सेकंदांत गाठल्याचं छापलं. चाचणीच्या त्या लाल गाडीत ३८९ चं इंजिन नव्हतंच. वँगर्सने आत ४२१ घनइंचांचं धूड बसवून दिलं होतं, आणि हे त्याने कित्येक वर्षांनी आपल्या आत्मचरित्रात हसत हसत कबूल केलं. मसल कारच्या दंतकथेचा पाया असा पहिल्याच वर्षी, चक्क फसवणुकीने घातला गेला. मला तरी हे वाचून वँगर्सचा राग येत नाही, कौतुकच वाटतं.

पुढचे आकडेही तसेच फुगवलेले. त्या काळी ताकद मोजताना इंजिन टेबलावर ठेवायचे; एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार त्यावर नसे. १९७१ च्या ४२६ हेमीची ताकद क्रायस्लरने या पद्धतीने आणि हा सगळा भार जोडून, अशी दोन्ही पद्धतींनी छापली, तेव्हा ४२५ चे ३५० झाले. ब्रेकांचं तर बोलायलाच नको. पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे पळायची सोय चोख आणि थांबायचं देवाच्या भरवशावर.

मग आठवणी खोट्या का? माझ्या मते नाही, फक्त लोक चुकीच्या गोष्टीसाठी उसासे टाकतात. १९६८ ची प्लायमाउथ रोडरनर पाहा. किंमत २,८९६ डॉलर, आत सपाट बाकडं, पायाखाली गालिच्याऐवजी रबर. मात्र बॉनेटखाली ३३५ हॉर्सपॉवर. उधळपट्टी एकच, कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा हॉर्न. कारखान्यातला पोरगा ती हप्त्यांवर घेऊ शकत होता. घराच्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे, टायमिंग पुढे घ्यायचं, हेड गॅस्केट पातळ टाकून कॉम्प्रेशन वाढवायचं आणि रविवारी त्याच गाडीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळायचं. सोमवारी तीच गाडी कामावर. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावातल्या रॉयल पाँटिअ‍ॅक या विक्रेत्याने हाच उद्योग ‘बॉबकॅट’ या नावाने पॅकेज करून विकला. ही मालकी आणि ही दुरुस्ती, दोन्ही आवाक्यातली होती. आठवणीतला खरा भाग तेवढाच.

यावर पहिला आक्षेप असा की ही मजा १९७३ च्या तेलटंचाईने आणि सरकारी कायद्यांनी संपवली, कंपन्या काय करणार? तारखा मात्र वेगळं सांगतात. जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं ते १९७१ च्या मॉडेलांत, अरबांनी तेल अडवण्याच्या तीनेक वर्षं आधी. त्यामागे स्वच्छ हवेचा कायदा आणि शिसेरहित पेट्रोलची तयारी होती, हे खरं. पण त्याआधीच विमा कंपन्यांनी पंचविशीच्या आतल्या चालकांना असे हप्ते लावले होते, की काहींना गाडीच्या हप्त्यापेक्षा विमाच जड जाई. त्यांना दोष तरी कसा द्यावा? १९७२ साली अमेरिकेतल्या रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसं मेली. सगळी काही मसल कारखाली नव्हेत, पण त्या दशकाच्या गोड आठवणी जिवंत राहिलेलेच सांगत आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तशी आवाक्यातली गाडी आता उरलीच कुठे? महागाई धरली तर रोडरनरचे ते पैसे आजच्या पंचवीस-सत्तावीस हजार डॉलरांच्या घरात जातात. पेट्रोलवरची नवी चार्जर सुरूच होते पन्नास हजारांच्या आसपास. जुनी गाडी घ्यावी तर लिलावात १९७१ ची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. ती घेणारा तिला शर्यतीत कशाला उतरवेल? मात्र बत्तीस हजारांच्या आसपास फोर्ड मस्टँग मिळते, खऱ्याखुऱ्या ३१५ हॉर्सपॉवरची, साठच्या दशकातल्या बहुतेक व्ही-८ ना मागे टाकणारी. म्हणजे परवडणारी गाडी आजही आहे. अडचण एवढीच की तिला चार सिलिंडर आहेत आणि जुने चाहते तिला मसल कार मानायला तयार नाहीत. डॉजच्या नव्या सहा सिलिंडरांवरही त्यांची कुरकुर चालूच आहे. सिलिंडर मोजणाऱ्यांनी टेंपेस्टचा इतिहास चाळावा. १९६३ पर्यंत तिचं मूळ इंजिन चार सिलिंडरचंच होतं, पाँटिअ‍ॅकने आपलं ३८९ घनइंचांचं व्ही-८ अर्धं करून बनवलेलं.