वाइन जुनी, पण किती जुनी?

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असं आपण सर्रास ऐकतो. मंडळी, हे अर्धसत्य आहे. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. मुरण्याजोगी थोडीच.

फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मार्गो गावची रेड वाइन त्या थोड्यांपैकी. १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत चारच रेड वाइन बसल्या. 'शातो मार्गो' त्यांतली एक. कॅबर्ने सोव्हिन्यों हे तिचं मुख्य द्राक्ष, जाड सालीचं. साल आणि बियांतून टॅनिन उतरतं. कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो तो त्यामुळे. बाटलीत वर्षानुवर्षं टॅनिनचे कण एकमेकांना चिकटतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ होतो.

चाखताना मी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरतो. कड जांभळट असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर मुरलेली. मग पेला फिरवून वास घेतो. कोवळ्या वाइनला काळ्या फळांचा, मुरलेलीला देवदाराचा, तंबाखूचा. शेवटी घोट तोंडात घोळवतो.

खरी मेख इथेच आहे. काळ तुरटपणा नेतो, तशी फळाची चवही नेतो. ती संपली की उरतो नुसता आंबटपणा. बाटली अंधारात, आडवी, बारा-तेरा अंशांवर ठेवली तरी हे टळत नाही, फक्त लांबतं. म्हणून जाणकार एकाच सालच्या सहा बाटल्या घेतात आणि दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून पाहतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याने फार वाट पाहू नये.