हायपरव्हायझर बदलला, तरी कारभार तोच!

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. त्यामुळे डेटा सेंटर चालविणाऱ्यांपुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. ज्या सॉफ्टवेअरवर सारे सर्व्हर विसंबून आहेत, तेच बदलायची वेळ आली तर काय? मुक्त स्रोत चळवळीने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. त्याचे नाव ‘लिबव्हर्ट’.

एका सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी करून त्यावर अनेक आभासी संगणक चालविणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. झेन, केव्हीएम, बीहाइव्ह ही त्याची काही उदाहरणे. अडचण अशी, की प्रत्येकाची भाषा निराळी. साधा आभासी संगणक सुरू करण्याची आज्ञाही प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने द्यावी लागते.

दुभाष्याची भूमिका

रेड हॅट कंपनीतील डॅनियल व्हेयार यांनी २००५ मध्ये लिबव्हर्टचे काम सुरू केले, ते झेनसाठी. व्यवस्थापकाने आज्ञा एकाच ठरावीक पद्धतीने द्यायची आणि तिचे भाषांतर ‘ड्रायव्हर’ नावाच्या दुभाष्याने करायचे, अशी ही रचना आहे. आभासी संगणकाला मेमरी किती, डिस्क कोणती, याचे वर्णन एक्सएमएल स्वरूपात लिहिले जाते. नवा हायपरव्हायझर आला, की त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर लिहायचा. वरची व्यवस्थापन साधने बव्हंशी तशीच राहतात.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीत झेन दिले होते. २०१० च्या सहाव्या आवृत्तीत यजमान म्हणून झेनला निरोप देऊन केव्हीएमचा स्वीकार केला. पायाच बदलला, पण लिबव्हर्टवर बेतलेली व्हर्ट-मॅनेजरसारखी साधने कामास येत राहिली.

पहिल्याच दिवशी सारे नाही

नव्या ड्रायव्हरला सर्व सुविधा एकदम पुरवाव्या लागत नाहीत. हायपरव्हायझरशी जोडणी करणे, आभासी संगणकांची यादी देणे, ते सुरू व बंद करणे, एवढ्यावर आरंभ होतो. जी सुविधा तयार नाही, तिची मागणी आल्यास ‘हे शक्य नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळते. बीहाइव्हला २०१४ मध्ये, तर क्लाउड हायपरव्हायझरला २०२१ मध्ये याच मार्गाने मोजक्या सुविधांसह प्रवेश मिळाला.

खरी कसोटी पुढे असते. चालू स्थितीतील आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणे किंवा त्याच्या स्थितीची नोंद जपून ठेवणे, या गोष्टी प्रत्येक हायपरव्हायझर आपापल्या पद्धतीने करतो. काहींना त्या जमतही नाहीत. त्यामुळे ‘पाठिंबा आहे’ एवढे वाचून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. कोणती सुविधा कोणत्या ड्रायव्हरमध्ये कोणत्या आवृत्तीपासून आहे, याचा तक्ता लिबव्हर्ट प्रकल्पच प्रसिद्ध करतो. तो आधी पाहावा.

सांभाळणारे हात हवेत

ड्रायव्हर एकदा लिहिला, की काम संपत नाही. हायपरव्हायझर बदलत राहतो. त्याबरोबर ड्रायव्हरलाही बदलावे लागते. झेनएपीआय आणि आयबीएमच्या पॉवर सर्व्हरसाठीचा ‘फिप’ हे दोन ड्रायव्हर २०२० मध्ये लिबव्हर्टमधून काढून टाकण्यात आले. त्यांची देखभाल करणारे कुणी उरले नव्हते आणि वापरणारेही कुणी आढळत नव्हते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमुळे एकाच कंपनीच्या दारात बांधून राहण्याची सक्ती टळते, हे खरे. मात्र, निवड करताना ड्रायव्हर आहे का, एवढेच विचारून भागत नाही. तो आज कोण सांभाळत आहे, हेही विचारावे लागते.