जंजिरा : रायगड किनाऱ्याचा ‘फायनल बॉस’!

गेममधल्या बॉसने पुन्हा धूळ चारली? कंट्रोलर आपटू नका, मंडळी! माहीत आहे का? २००८ मध्ये ‘फायनल फँटसी ११’चा एक गट ‘पँडेमोनियम वॉर्डन’शी १८ तासांहून जास्त वेळ झुंजला. शेवटी काहींना चक्कर, काहींना उलट्या, आणि बॉस ठणठणीत!

पण १८ तासांचं काय घेऊन बसलात? आपल्या मुरूडच्या जंजिऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या भल्याभल्यांना ‘गेम ओव्हर’ दाखवलंय. बघू या, त्याच्यावर कोणकोणत्या चाली खेळल्या गेल्या!

बॉसची पॉवर
चहूबाजूंनी समुद्र, १९ बुरूज, कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या दणदणीत तोफा. वर खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव! म्हणजे खुशाल वेढा घाला, आतल्यांचा घसा कोरडा पडणार नाही.

आणि दरवाजा? राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलात की समोर नुसती भिंतच भिंत. होडी पार जवळ गेली की दोन बुरुजांच्या बेचक्यातून महादरवाजा एकदम ‘टाडा!’ करत पुढ्यात येतो.

चीट कोड
आधी इथे कोळ्यांचा प्रमुख राम पाटील याचा लाकडी मेढेकोट होता. तो कसा पडला, माहीत आहे का? परंपरा सांगते, निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, पिंपांतलं मद्य कोळ्यांना पाजलं आणि सगळे झिंगल्यावर बेट खिशात घातलं. झिंग चढली, सत्ता उतरली!

बॉसचा पलटवार
१६७१, होळीची रात्र. मराठ्यांनी जिंकलेल्या, समोरच्या किनाऱ्यावरच्या दंडा-राजपुरीवर जंजिऱ्याच्या सत्ताधीश सिद्दीने छापा घातला आणि दारूचं कोठार उडालं. इतिहासकार खाफीखान तर लिहितो, त्याच क्षणी शिवाजी महाराज दूरवर झोपेतून दचकून जागे झाले! खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण साउंड इफेक्ट जबरदस्त.

बॉसच्या दारात सेव्ह पॉइंट
महाराजांनी मग जंजिऱ्यासमोरच, कासा बेटावर, पद्मदुर्ग उभारला. पण हेल्थ पॅक वेळेवर नको? पद्मदुर्गाची रसद अडली म्हणून १६७५ मध्ये सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी असं खरमरीत पत्र धाडलं की आजही वाचताना कान गरम होतात. धडा सोपा : तलवारीआधी शिधा!

लॅगने घात केला
माहीत आहे का, एकदा तटाला शिड्या लागल्याही होत्या! लाय पाटील नावाच्या दर्यावर्दी कोळ्याने रात्रीच्या अंधारात हे धाडस केलं, असं बखरी सांगतात. पण पेशवे मोरोपंतांची कुमक वेळेत पोचली नाही, उजाडायला आलं, शिड्या काढाव्या लागल्या.

तरी महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाले, समुद्रावरच्या माणसाला पालखी काय कामाची? मग त्यांना गलबत मिळालं. गलबताचं नाव? ‘पालखी’!

स्टेल्थ मोड
१६७३ मध्ये अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंद आठवतात? संभाजी महाराजांच्या काळात तेच फितूर झाल्याचं सोंग घेऊन जंजिऱ्यात शिरले. बेत दारूचं कोठार उडवायचा. पण बातमी फुटली आणि कोंडाजींनी प्राण गमावले. इथे ‘रीस्टार्ट’चं बटण नव्हतं.

थेट मॅपच बदला!
१६८२. बॉसपर्यंत जाता येत नाही? समुद्रच बुजवा! संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटाकडे दगड-लाकडांचा सेतू घालायला घेतला. तेवढ्यात मोगल फौज कोकणात उतरली आणि काम अर्धवट राहिलं. एक बॉस कमी होता की काय, म्हणून दुसरा!

को-ऑपची फजिती
आता जंजिऱ्यापासून जरा दूर, उलटा सामना : बचावात मराठे. अलिबागचा कुलाबा किल्ला, १७२१, बॉस कान्होजी आंग्रे! समोर इंग्रज आणि पोर्तुगीज अशी जोडी. हल्ला फसला आणि इंग्रज कमोडोर मॅथ्यूज इतका भडकला की त्याने पोर्तुगीज सेनापतीच्याच तोंडात छडी खुपसली. पोर्तुगीजांनी मग मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. टीममेट जपून निवडा, बाबांनो!

बॉसला बाहेर गाठा
पुन्हा जंजिऱ्याकडे. पाण्यात मगरीशी कुस्ती कशाला? १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला रेवसजवळ जमिनीवर गाठलं. लढाईत सिद्दी सात मारला गेला. सातला मात! किल्ला मात्र सिद्दींकडेच.

आणि शेवटी…
बॉस पडला कधी? १९४८ मध्ये! नानासाहेब पुरोहित, पुढे केंद्रीय मंत्री झालेले मोहन धारिया आणि त्यांचे साथीदार सिद्दींच्या जंजिरा संस्थानाविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी जंजिरा भारतात विलीन झाला. ना पिंपं, ना शिड्या, ना सेतू. शेकडो वर्षं तटावर डोकं आपटलं, आणि बाजी उलटवली ती उठाव करणाऱ्या लोकांनी!

आज तुम्ही होडीचं भाडं मोजा आणि थेट बॉसच्या घरात शिरा. फक्त पावसाळ्यात जाऊ नका. दर्या खवळला की सर्व्हर डाऊन!