तिरंग्यापुढची दुचाकी

जवानाचं पार्थिव गावाकडे निघाल्याचा निरोप आला की जाणती माणसं चौथऱ्याच्या आणि मंडपाच्या कामाला लागतात, आणि पोरं गाड्या काढतात. पुढे कुणी राहायचं, पेट्रोल कुणी टाकायचं, याची बैठक होत नाही. शिवाराबाहेर, तालुक्याच्या हद्दीवर जाऊन ती उभी राहतात. फुलांनी सजवलेली लष्कराची गाडी दिसली की तिच्यापुढे निघतात आणि थेट गावापर्यंत सोबत करतात. त्यांच्याकडे संघटना नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाही. तरी आपल्या भागात ही रीत आता चांगली रुजली आहे.

अहमदपूरकरांना तिचं अप्रूप वाटू नये, कारण गाव रस्त्यावरचं आहे. लातूर, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, नांदेड असा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, पलीकडे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं. पहाटे या रस्त्याच्या कडेनं भरतीसाठी पळणारी पोरं ज्यानं पाहिली, त्याला इथल्या घराघरातून वर्दीकडे जाणारी वाट वेगळी सांगावी लागत नाही. कोरडवाहू शेती, दोन-तीन एकरांची वाटणी आणि धाकट्याच्या नोकरीवर उभं राहणारं घर. त्यामुळे पार्थिव येतं तेव्हा ते एका घराचं राहत नाही.

२९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळच्या नगरोटा इथं लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला. त्यात पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे लान्सनायक संभाजी कदम शहीद झाले. जानापुरी याच रस्त्याच्या पट्ट्यातलं गाव. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामातल्या दहशतवादी हल्ल्यात ४० जवान गेले. त्यात बुलडाणा जिल्ह्याचे दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. ही नावं उच्चारली की मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला अजूनही ते दिवस आठवतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची मुलं, दारादारात रांगोळी, आणि पुढे दुचाक्या.

सैन्याचं आणि मोटारसायकलचं नातं तसं जुनं आहे. तारा तुटल्या, वायरलेस बंद पडला तर निरोप पोचवायचा तो दुचाकीवरच्या जवानानं. त्याला डिस्पॅच रायडर म्हणत. सिग्नल्स कोअरचं ‘डेअर डेव्हिल्स’ हे प्रात्यक्षिक पथक १९३५ मध्ये जबलपूरला उभं राहिलं ते याच परंपरेतून. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी १९५० च्या दशकात सरकारनं बुलेट निवडली, आणि १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. आपल्या गावात रिटायर होऊन आलेला फौजी बुलेटवरच का दिसतो, त्याचं मूळ इथं आहे.

पण अंत्ययात्रेत स्वयंसेवक दुचाकीस्वारांनी रीतसर उभं राहायचं, याची शिस्त घडली ती अमेरिकेत, आणि ती घडली फार कडवट प्रसंगातून. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा फ्रेड फेल्प्स याचा एक छोटा पंथ होता. अमेरिका समलिंगी लोकांना थारा देते म्हणून देव तिचे सैनिक मारतो आहे, असं या मंडळींचं म्हणणं. इराक आणि अफगाणिस्तानातून पेट्या येऊ लागल्या तशी ही माणसं सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी फलक घेऊन उभी राहू लागली. आई-बाप पोराला निरोप देताहेत आणि समोर हे देवाचे आभार मानणारे फलक. याहून निर्दय निदर्शन माझ्या तरी ऐकण्यात नाही.

कॅन्ससमधल्याच मल्व्हेन इथल्या अमेरिकन लीजन रायडर्सनी, म्हणजे माजी सैनिकांच्या दुचाकी मंडळींनी, २००५ मध्ये यावर उपाय शोधला. टेरी हौक हे त्यातले एक पुढारी. त्यांनी ठरवलं की हाणामारी करायची नाही, शिवी द्यायची नाही. फक्त निदर्शक आणि कुटुंब यांच्या मधे जाऊन उभं राहायचं. मोठमोठे राष्ट्रध्वज हातात घेऊन ओळ धरायची, म्हणजे घरच्यांना ते फलक दिसणारच नाहीत. घोषणा फारच वाढल्या तर इंजिनाचा आवाज वाढवून त्या बुडवायच्या. ऑक्टोबर २००५ मध्ये ओक्लाहोमातल्या चेल्सी गावी एका सार्जंटच्या अंत्यविधीला ते असे उभे राहिले. त्याच महिन्यात ओक्लाहोमाच्याच जेफ ब्राऊन यांनी हे काम देशभर नेण्यासाठी ‘पॅट्रिअट गार्ड रायडर्स’ ही संस्था सुरू केली.

या संस्थेचा पहिला नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुटुंबानं बोलावल्याशिवाय ते जात नाहीत. प्रत्येक अंत्यविधीसाठी एक ‘राइड कॅप्टन’ असतो. घरच्यांशी आणि पोलिसांशी तोच बोलतो. बाकीचे ठरल्या ठिकाणी जमतात, सूचना ऐकतात, एका ओळीत निघतात. पोचल्यावर गाड्या बाजूला लागतात आणि माणसं दोन्ही बाजूंना ध्वज धरून उभी राहतात, उन्हात किंवा बर्फात, विधी संपेपर्यंत. बोलायचं नाही. आत शिरायचं नाही. सदस्य व्हायला मोटारसायकल असण्याचीही अट नाही. मनात आदर असला की पुरे. पुढे कायदाही आला. २००६ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींच्या प्रवेशद्वारापासून ३०० फुटांच्या आत, विधीच्या आधी आणि नंतर एक तास निदर्शनं करायला बंदी झाली. मात्र मॅथ्यू स्नायडर या मरीन सैनिकाच्या वडिलांनी पंथावर केलेला दावा मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मतानं फेटाळला गेला. भाषणस्वातंत्र्यापुढे बापाचं दुःख हरलं. कायदा जिथं पोचला नाही तिथं पोचली ती ध्वज धरून उभ्या राहिलेल्या माणसांची ओळ.

आपल्याकडे असा दुष्टावा कुणी करत नाही, हे आपलं भाग्य. आपल्याकडे सगळं गावच बाजूनं असतं. म्हणून तर इंजिनाच्या आवाजाला इथं कामच उरत नाही. तिकडे त्या आवाजानं शिवीगाळ झाकली, इकडे त्याच आवाजात आईचा हंबरडा झाकला जातो. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, एकेका गाडीवर तिघं, डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात व्हिडिओ काढणारा मोबाइल. भावना खरी असते, मी तिच्यावर शंका घेत नाही. पण मागच्या गाडीत पेटीशेजारी बसलेले जवान ताठ बसून हे सगळं पाहत असतात, आणि त्यांच्या पलटणीत मानवंदनेचा अर्थ पूर्ण स्तब्धता असा असतो.

अंत्यविधीचा लष्करी भाग बघा म्हणजे हे पटेल. पेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो, हे २००२ च्या भारतीय ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. ध्वज चितेवर जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही, हेही तिथंच लिहिलेलं आहे. म्हणून अग्नी देण्याआधी तो उचलतात, घडी करतात आणि पत्नीच्या किंवा आई-वडिलांच्या हाती देतात. ‘शोक शस्त्र’ची आज्ञा होते आणि बंदुकीची नळी जमिनीकडे वळते. हवेत फैरी झडतात, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. या सगळ्यात एकही हालचाल घाईची नसते.

त्याच संहितेप्रमाणे वाहनाच्या टपावर, बाजूंवर किंवा मागच्या भागावर राष्ट्रध्वज पांघरता येत नाही, ध्वज जमिनीला लागता कामा नये, फाटका-मळका ध्वज लावता कामा नये. लेगगार्डला सुतळीनं बांधलेला झेंडा दहा-वीस किलोमीटरनंतर चिखलानं माखतो आणि रॅली संपल्यावर पानटपरीमागे पडलेला सापडतो. ज्या कापडासाठी तो पोरगा गेला त्याची ही गत व्हायला नको. गाडी चालवताना ध्वज नकोच. गावात पोचल्यावर, गाडी स्टँडवर लावून, दोन्ही हातांनी धरावा.

अहमदपूरसारख्या तालुक्याला हे सहज जमेल. माजी सैनिक गावोगावी आहेत. त्यांच्यातल्याच एकाला पुढारपण द्यावं. घरच्यांना विचारणं, पोलिसांशी आणि तहसील कार्यालयाशी बोलणं त्याच्याकडे ठेवावं. घरच्यांनी नको म्हटलं तर गाड्या घरीच ठेवाव्यात. त्यांनी हो म्हटलं तर एका गाडीवर एक, हेल्मेट घालून, हॉर्न न वाजवता, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवून निघावं. गावाच्या वेशीवर इंजिन बंद करून पुढचं अंतर पायी चालावं.

आणि तेराव्यानंतरही यावं. पॅट्रिअट गार्डची माणसं सैनिकांच्या घरी मदतीलाही जातात, त्या कामाला त्यांनी ‘हेल्प ऑन द होमफ्रंट’ असं नाव दिलं आहे. आपल्या वीरनारीला पेन्शनच्या कागदासाठी तालुका-जिल्हा करताना सोबत लागते, वीरपित्याला दवाखान्यात न्यायला कुणीतरी लागतं. दुचाकीचं खरं काम तिथं आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. त्या दिवशी तालुक्यातल्या पोरांनी लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं, ध्वजनिधी भरावा आणि आपल्या भागातल्या वीरकुटुंबांना कसली मदत हवी आहे, ते विचारून यावं.