बिदरी : जस्ताच्या अंगावरची चांदी

बंगळुरूला कामानिमित्त अथवा मुलानातवंडांकडे गेलेली मराठी मंडळी परतताना म्हैसूरचे रेशीम, चंदनाचा साबण आणि एखादी शोभेची वस्तू हमखास घेऊन येतात. कर्नाटक राज्य हस्तकला विकास महामंडळाच्या ‘कावेरी’ विक्रीदालनात अशा वेळी काळ्याभोर अंगाच्या सुरईकडे किंवा डबीकडे लक्ष वेधले जाते. तिच्यावरील रुपेरी वेलबुट्टी पाहून अनेकांना वाटते की, हा रंग असावा किंवा चांदीचा मुलामा. वस्तुतः ही दोन स्वतंत्र धातूंची जुळणी असते आणि त्या दोहोंच्या मध्ये ना डाक असते, ना गोंद.

ही बिदरी कला. तिचे माहेर बंगळुरूपासून सुमारे सातशे किलोमीटर दूर, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले बिदर. औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांमुळे मराठी माणसाला हा जिल्हा परका नाही. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून आपली राजधानी येथे आणली आणि पुढे दख्खनच्या दरबारांत हुक्के, पानदाने, सुरया यांच्या रूपाने ही कला बहरली.

बिदरीचा मूळ धातू म्हणजे जस्त आणि तांबे यांचे मिश्रण. सर्वसाधारणपणे सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे हे प्रमाण सांगितले जाते. सोनार चांदीचा तुकडा चांदीला जोडतो तेव्हा डाक वितळेपर्यंत तापवतो. येथे ती सोय नाही. चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला, तर जस्त ४२० अंशांच्या आसपासच पाणी होते. चांदीचा पक्का डाक वितळण्याआधीच खालची सुरई विरघळून जायची! म्हणून बिदरीच्या कारागिराला अग्नीचा आधार न घेता, केवळ छिन्नी आणि हातोडी यांवर हे दोन धातू एकत्र नांदवावे लागतात.

ओतून व कानशीने घासून तयार झालेल्या वस्तूवर प्रथम मोरचुदाचे पाणी फिरवून तात्पुरती काळी छटा आणतात, म्हणजे नक्षीच्या रेघा डोळ्यांना स्पष्ट दिसतात. मग बारीक छिन्नीने खाचा कोरल्या जातात. या खाचांत शुद्ध चांदीची तार अथवा कापलेला पत्रा बसवून हलक्या हाताने ठोकतात. शुद्ध चांदी मऊ. ठोका बसला की ती पसरते आणि खाचेच्या कडांना घट्ट धरते. खिशातील दहा रुपयांचे नाणे आठवावे. २००९ साली चलनात आलेल्या या नाण्यातील बाहेरचे कडे आणि मधली चकती वेगवेगळ्या धातूंची असून ती दाबानेच एकमेकांत अडकलेली असतात. तत्त्व तेच, फरक इतकाच की टांकसाळीत तो दाब यंत्राचा, बिदरमध्ये मनगटाचा. खाच उथळ झाली तर तार पुढेमागे सुटते, फार खोल गेली तर चांदी अधिक लागते.

तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, खोल खाचेत पत्रा बसवण्याला तहनिशान. आफताबी कामात तर बहुतेक पृष्ठभाग चांदीने झाकून नक्षी काळी ठेवतात. चांदीच्या भावाने २०२५ साली किलोमागे दीड लाख रुपयांची पातळी ओलांडली, तेव्हा या प्रकारांतील भेद केवळ सौंदर्याचा राहिला नाही. कारागिराला चांदी आधी खरेदी करावी लागते. पैसा हाती येतो तो वस्तू विकली गेल्यावर. भाव चढला की आफताबीचे धाडस कमी होणार आणि बारीक तारेची कामे वाढणार, हे ओघानेच आले. दुकानात सारख्याच आकाराच्या दोन डब्यांच्या किमतींत मोठी तफावत दिसली, तर घासाघीस करण्यापूर्वी कोणत्या डबीत किती चांदी आहे हे पाहणे न्याय्य ठरेल.

सर्वांत नवलाचा टप्पा शेवटचा. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप कोमट केलेल्या वस्तूवर चोळतात. जस्ताचे मिश्रण काळे पडते, चांदी मात्र जशीच्या तशी राहते. निव्वळ जस्तावर असा गडद काळा रंग चढत नाही. तांब्याचा तो छोटासा अंश येथे कामी येतो. ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती यासाठी निवडतात आणि ती जिभेवर चाखून पारखण्याची कारागिरांत रीत आहे.

२००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन लाभले, तर २०२३ साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. घरी आलेल्या वस्तूचे हाल मात्र अनेकदा दिवाळीच्या साफसफाईत होतात. चांदी मंदावली म्हणून चिंच किंवा भांड्यांची पूड लावली जाते आणि काळे अंग राखाडी पडते. मऊ कापड आणि तेलाचे दोन थेंब एवढेच तिला पुरते. उडालेला काळा रंग पुन्हा चढवता येतो; पण त्यासाठी सुरईला माहेरी न्यावे लागते.